एलईडी फलक घेताना: मिरजेच्या ग्राहकाने काय पाहावे

व्यापारी वापराचा एलईडी फलक म्हणजे स्वतः उजेड देणाऱ्या बारीक दिव्यांचा पडदा. रंगीत पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे शेजारी शेजारी बसवलेले असतात आणि त्यांच्या कमी-जास्त तेजातून हवा तो रंग दिसतो. घरातला एलईडी टीव्ही या जातीचा नाही. त्याचा पडदा एलसीडीचा असतो, एलईडी दिवे त्याला फक्त मागून उजेड पुरवतात. टीव्ही तीन-चार फुटांवरूनही सुबक दिसतो, पण दुपारच्या उन्हात दुकानाबाहेर लावला तर त्यावर काहीच वाचता येत नाही. एलईडी फलक भर उन्हात वाचता येतो, पण जवळून पाहिला तर त्याचे दाणे दिसतात. विकत घेताना पहिला निर्णय या दोहोंतला असतो.

लाल रंगाचा दिसणारा एलईडी १९६२ मध्ये अमेरिकेत निक होलोन्याक यांनी बनवला. झगझगीत निळा एलईडी मात्र १९९० च्या दशकात जपानमध्ये साध्य झाला. त्यासाठी इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. निळा दिवा नव्हता तोवर पूर्ण रंगीत पडदा शक्यच नव्हता. रेल्वे स्थानकांवर डब्याचे क्रमांक दाखवणारे आणि औषध दुकानांवर सरकती अक्षरे दाखवणारे फलक बहुधा एकाच रंगाचे असतात. तेवढ्या कामाला एक रंग पुरतो आणि तो स्वस्तही पडतो.

मिरजेत या फलकांची गरज तीन बाजूंनी आहे. पहिली दवाखान्यांची. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेले मिशन हॉस्पिटल, १९६२ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्यांच्याभोवती वाढलेली खासगी रुग्णालये, तपासणी केंद्रे, औषध दुकाने यांमुळे शहरात रोज परगावचे लोक येतात. त्यांना रस्ता, विभाग, डॉक्टरांची वेळ आणि रांगेतला क्रमांक सांगावा लागतो. दुसरी गरज लक्ष्मी मार्केटच्या आसपासच्या दुकानांची आणि सांगली रस्त्यावरच्या मोठ्या दालनांची. तिसरी उत्सव, लग्ने आणि मैफलींची. विसर्जन मिरवणुकीच्या मार्गावर उभ्या राहणाऱ्या स्वागत कमानी हे मिरजेचे वैशिष्ट्य आहे, आणि अशा गर्दीत मागच्यांना पुढचे दाखवायला मोठा पडदा उपयोगी पडतो. या तिन्ही कामांना एकच फलक चालत नाही.

फलकाची पहिली ओळख त्याच्या पिचवरून होते. पिच म्हणजे शेजारच्या दोन ठिपक्यांच्या मध्यांमधले अंतर, मिलिमीटरमध्ये. पी-१० मध्ये हे अंतर १० मिलिमीटर, पी-५ मध्ये ५ आणि पी-२.५ मध्ये अडीच. पिच निम्मा झाला की ठिपके चौपट होतात. एका चौरस मीटरमध्ये पी-१० चे १०,००० ठिपके बसतात, पी-५ चे ४०,०००, तर पी-२.५ चे १,६०,०००. किंमत याच क्रमाने चढते. म्हणून जेवढा बारीक पिच तेवढा चांगला फलक, हा समज खिशाला महाग पडतो.

पिच ठरतो पाहणाऱ्याच्या अंतरावरून. विक्रेते सांगतात तो ठोकताळा असा की जितक्या मिलिमीटरचा पिच, किमान तितक्या मीटरवरून फलक पाहावा. म्हणजे पी-१० दहा मीटरवरून, पी-४ चार मीटरवरून. हा ठोकताळा वाचता येण्यापुरता आहे. दाणे पूर्ण विरून चित्र एकसंध दिसायला निरोगी डोळ्याला याच्या साडेतीनपट अंतर लागते. म्हणजे पी-१० साठी चौतीस-पस्तीस मीटर. बाजाराच्या अरुंद गल्लीत समोरचा माणूस चार-सहा मीटरवर असतो, तिथे पी-१० वर चित्रफीत लावण्यात अर्थ नाही. तिथे पी-४ किंवा पी-५ हवा. मोठ्या चौकात, जिथे लोक वीस ते चाळीस मीटरवरून बघतात, तिथे पी-८ किंवा पी-१० पुरतो. तिथे पी-४ ला दिलेले जादा पैसे कोणाच्या डोळ्यांपर्यंत पोहोचत नाहीत. रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात तीन मीटरवरून टोकन क्रमांक वाचायचा असेल तर व्यापारी वापराचा एलसीडी पडदा बहुतेक वेळा सरस ठरतो. मात्र घरगुती टीव्ही तिथे टांगू नये. तो दिवसाचे सोळा-अठरा तास चालण्यासाठी बनवलेला नसतो आणि व्यापारी वापरात त्याची वॉरंटी सहसा लागू होत नाही.

वाहनचालकांसाठी फलक असेल तर वेळेचाही हिशेब करावा लागतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला अकरा मीटर कापते. साठ मीटरवरून अक्षरे वाचता आली तरी चालकाच्या हाती साडेपाच सेकंदच असतात, आणि त्यात त्याची नजर रस्त्यावरही हवी. नाव आणि पाच-सहा शब्द, याहून जास्त मजकूर वाया जातो. सरकणारी ओळ तर गाडीतून अर्धीच दिसते. रस्त्याकडेच्या फलकावर मजकूर स्थिर ठेवून काही सेकंदांनी बदलणे बरे.

यापुढचा मुद्दा परदेशी माहितीपत्रकांत कधीच नसतो आणि मराठी ग्राहकासाठी तोच सर्वांत मोलाचा आहे. ही सगळी गणिते रोमन अक्षरे धरून केलेली असतात. देवनागरी उभ्या दिशेने जास्त जागा मागते. रेषेच्या वर वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार, खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षरांचे पाय. फलक ज्या तयार तुकड्यांनी, म्हणजे मॉड्यूलांनी, जोडला जातो त्यांतल्या बाजारात सर्रास मिळणाऱ्या पी-१० च्या एका मॉड्यूलचे माप ३२० बाय १६० मिलिमीटर असते, म्हणजे त्यात ठिपक्यांच्या सोळा आडव्या ओळी बसतात. त्यांतल्या तीन-चार वर आणि तीन-चार खाली गेल्या की मूळ अक्षराला आठ ते दहा ओळी उरतात. त्यात 'मेडिकल' किंवा 'चहा' नीट बसतो. 'स्त्रीरोगतज्ज्ञ', 'मूत्रपिंड शस्त्रक्रिया' हे शब्द मात्र गिचमिड होतात, आणि मिरजेतल्या दवाखान्याच्या फलकावर नेमके हेच शब्द असतात. अशा मजकुराला दोन मॉड्यूल एकावर एक लावून बत्तीस ओळींचा, सुमारे एक फूट उंचीचा फलक घ्यावा. खर्च दुप्पट होतो, पण फलक वाचला जातो. न वाचता येणारा स्वस्त फलक म्हणजे पूर्ण खर्च वाया.

मिरजेच्या रुग्णालयांत अथणी, रायबाग, चिकोडी, विजयपुरा या भागांतून कन्नड बोलणारे रुग्ण मोठ्या संख्येने येतात. त्यांच्यासाठी मजकूर कन्नडमध्येही द्यायचा तर बत्तीस ओळींची गरज आणखी ठळक होते, कारण कन्नड जोडाक्षरांतला दुसरा वर्ण बहुधा ओळीच्या खाली लिहिला जातो.

लिपीचा दुसरा अडथळा आज्ञावलीत असतो. फलक चालवणाऱ्या स्वस्त कंट्रोल कार्डांसोबत येणाऱ्या काही आज्ञावलींना युनिकोड मराठी नीट जुळवता येत नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, जोडाक्षर फुटून मध्ये हलन्त दिसतो, रफार हरवतो. अशा वेळी कारागीर मजकूर संगणकावर चित्र म्हणून बनवतात, किंवा पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लिहून घेतात, आणि ते चित्र कार्डात भरतात. पद्धत चालते, पण मग मजकुरातला एक शब्द बदलायलाही प्रत्येक वेळी त्याच माणसाला बोलवावे लागते. म्हणून ऑर्डर देण्यापूर्वी विक्रेत्याच्या नमुना फलकावर आपलाच मजकूर, आपल्याच मोबाइलवरून, आपल्या हाताने चढवून पाहावा. दहा मिनिटांच्या या चाचणीत जे कळते ते कुठल्याही माहितीपत्रकात कळत नाही.

तेजाचे माप निट्समध्ये सांगतात. आतल्या पडद्याला ६०० ते १,००० निट्स पुरतात, थेट उन्हातल्या फलकाला ५,००० च्या पुढे लागतात. पश्चिमेकडे तोंड असलेल्या फलकावर दुपारनंतर ऊन सरळ आदळते, त्यामुळे तिथे तेजाला तडजोड नको. तोच फलक रात्री त्याच तेजाने चालवला तर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि शेजारच्या घरांची झोप उडते. अंधार पडताच तेज आपोआप दहा टक्क्यांच्या आसपास उतरवणारा प्रकाश-संवेदक ही चैन नव्हे, ती मूळ किमतीतच मागून घ्यावी. वीजही वाचते. रिफ्रेश रेट, म्हणजे पडद्यावरचे चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटते, हा आकडा पूर्वी कोणी विचारत नसे. आता प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे आणि १,९२० हर्ट्झपेक्षा कमी दराच्या पडद्यावर चित्रण करताना काळे पट्टे सरकताना दिसतात. लग्नाच्या सभागृहात किंवा रंगमंचावर ३,८४० हर्ट्झचाच पडदा असावा.

हवामानाला तोंड देण्याची क्षमता आयपी या दोन अंकी मापात मोजतात. आयपी-६५ मधला ६ धुळीसाठी, ५ पाण्याच्या फवाऱ्यासाठी. बाहेरच्या फलकाची पुढची बाजू आयपी-६५ हवीच, मागची निदान आयपी-५४. व्यवहारात पाणी बहुतेकदा मागूनच शिरते: केबलच्या छिद्रातून, न लावलेल्या रबरी पट्टीतून, अर्धवट बंद केलेल्या दारातून. दुसरा शत्रू उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीजवळ जातो आणि पत्र्याच्या बंद पेटीत तापमान त्याहून खूप चढते. एलईडी एक लाख तास टिकतात असे सांगितले जाते. रोज चौदा तास धरले तर ती सुमारे एकोणीस-वीस वर्षे होतात. पण हा आकडा दिव्यांचा आहे, आणि तोही तेज निम्म्यावर येईपर्यंतचा. त्याआधी दम सोडतो तो ५ व्होल्टचा वीजपुरवठा, म्हणजे कारागिरांच्या भाषेत सप्लाय. मग पंखे, जोडण्या आणि कार्डे. सप्लाय पूर्ण क्षमतेवर न चालवता तीस टक्के राखीव ठेवून बसवला तर तो बराच जास्त टिकतो. कोटेशनमध्ये सप्लायचा ब्रँड, अँपिअर आणि संख्या लिहून घेतली की ही गोष्ट मोजून पाहता येते.

विजेचा हिशेब एका उदाहरणाने स्पष्ट होईल. बाहेरच्या फलकाच्या पेट्या, म्हणजे कॅबिनेट, सहसा ९६० बाय ९६० मिलिमीटरच्या असतात. तीन आडव्या आणि दोन उभ्या अशा सहा पेट्यांचा पडदा २.८८ बाय १.९२ मीटर होतो, म्हणजे साडेपाच चौरस मीटर, सुमारे ६० चौरस फूट. चौरस मीटरला ७०० वॉटची कमाल मागणी धरली तर पूर्ण पांढऱ्या चित्राला जवळपास ३.९ किलोवॉट लागतात. सरासरी वापर याच्या तिसऱ्या हिश्शाइतका असतो. रोज चौदा तासांना अठरा युनिट, महिन्याला सुमारे ५४० युनिट. महावितरणच्या व्यापारी दराने हा आकडा गुणून पाहावा, आणि मंजूर भार कमाल मागणीला पुरतो का तेही तपासावे. आकाराबाबत आणखी एक दक्षता: दर चौरस फुटावर सांगितला जातो, पण पडदा पेट्यांच्या पटीतच बनतो. 'दहा बाय साडेसहा' असे गोल बोललेले माप प्रत्यक्षात ९.४५ बाय ६.३० फूट भरते. बिल प्रत्यक्ष मापावर, मिलिमीटरमध्ये लिहून मागावे.

वळिवाच्या दिवसांत विजा आणि वादळ एकत्र येतात. वेगळे अर्थिंग, गळती ओळखणारा ब्रेकर आणि सर्ज रोखणारे उपकरण यांचा खर्च पूर्ण फलकाच्या तुलनेत किरकोळ असतो, तरी कोटेशन कमी दाखवताना हीच नावे आधी गळतात. सांगाड्याचे तसेच. लोखंडी पेटी सहज उचलता येण्यासारखी नसते. सहा पेट्या आणि त्यांचा लोखंडी सांगाडा मिळून काही शे किलोंचा भार भिंतीवर येतो. त्यावर वाऱ्याचा दाब. फ्लेक्स वादळात फाटतो आणि वारा निघून जातो, एलईडी पडदा सगळा वारा अंगावर घेतो. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला वादळी वाऱ्यात महाकाय होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळले आणि १७ जणांचा जीव गेला. ते १२० बाय १२० फुटांचे होते, मुंबई महापालिकेची कमाल मर्यादा ४० बाय ४० फुटांची होती. छताच्या वर किंवा खांबावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक फलकासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरचे प्रमाणपत्र घ्यावे. मागितले जाते म्हणून नाही, खालून माणसे जातात म्हणून.

परवानगी देणारी संस्था म्हणजे १९९८ मध्ये स्थापन झालेली सांगली-मिरज-कुपवाड शहर महानगरपालिका. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २४४ आणि २४५ नुसार आकाशचिन्हे (इमारतीवर उभारलेले फलक) आणि जाहिराती यांना आयुक्तांची परवानगी लागते आणि त्यासाठी राज्याचे २०२२ चे नियम आहेत. दुकानाच्या नावाचा फलक मराठीत, देवनागरीत असावा आणि ती अक्षरे इतर लिपींपेक्षा लहान नसावीत, ही २०२२ च्या कायदा-दुरुस्तीची अट आहे. एलईडीची पाटीही नावाचीच पाटी असते, म्हणून मजकूर ठरवताना ही अट लक्षात ठेवलेली बरी.

आता विक्रेता. जगातले बहुतेक मॉड्यूल चीनमध्ये, विशेषतः शेन्झेन परिसरात बनतात. दिल्ली आणि मुंबईचे आयातदार ते आणतात, तिथून पुण्याच्या तपकीर गल्लीसारख्या बाजारांतून किंवा थेट कुरिअरने ते सांगली, मिरज, कोल्हापूरच्या जोडणाऱ्यांकडे येतात. स्थानिक माणूस सांगाडा बनवतो, मॉड्यूल बसवतो, कार्ड जोडतो. या जोडणाऱ्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. साठ-सत्तर चौरस फुटांपर्यंतच्या फलकाला, ज्याचे मागचे काम चांगले आहे असा गावातला कारागीर, लांबच्या नामांकित कंपनीपेक्षा बहुधा जास्त उपयोगी पडतो. फलक बंद पडला की तो त्याच दिवशी शिडी घेऊन येतो. त्याहून मोठ्या पडद्याला मात्र कंपनीचे पाठबळ हवे, आणि तिच्या वतीने जिल्ह्यात दुरुस्ती कोण करणार हे नावासह लिहून हवे.

विक्रेता तपासण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे त्याने तीन वर्षांपूर्वी बसवलेला फलक जाऊन बघणे. नवा फलक सगळ्यांचाच देखणा दिसतो. तिसऱ्या वर्षी रंग ठिकठिकाणी वेगळे पडले आहेत का, मेलेले ठिपके किती, काही मॉड्यूल बदललेले चटकन ओळखू येतात का, हे भर दुपारी आणि पुन्हा रात्री बघावे, आणि मालकाला एवढेच विचारावे की तक्रार केल्यावर माणूस किती दिवसांनी आला. या एका उत्तराचे वजन पूर्ण माहितीपत्रकाहून जास्त असते.

कागदपत्रांची पडताळणी घरबसल्या होते. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, बेळगाव किंवा हुबळीच्या विक्रेत्याचा २९ ने. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की नोंदणीची तारीख, पत्ता आणि विवरणपत्रे भरली जातात की नाही हे दिसते. जो विवरणपत्रे भरत नाही त्याच्याकडून घेतलेल्या बिलावर करवजावट अडकू शकते. ज्या उपकरणांना भारतीय मानक ब्युरोची, म्हणजे बीआयएसची, नोंदणी सक्तीची आहे त्यांवर 'आर' अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो आणि तो 'बीआयएस केअर' ॲपवर तपासता येतो. लघुउद्योगांची उद्यम नोंदणी स्वयंघोषणेवर मिळते, म्हणून ती गुणवत्तेचा पुरावा मानू नये. शासकीय कार्यालये आणि संस्था २०१६ पासूनच्या जेम संकेतस्थळावरून खरेदी करतात. तिथेही तांत्रिक अटीत फक्त 'पी-५, आउटडोअर' एवढेच लिहिले तर सर्वांत हलका माल सर्वांत कमी दरात बसतो.

सुटे भाग आधीच घेऊन ठेवणे फार महत्त्वाचे आहे. एकाच पिचचे, एकाच कारखान्याचे मॉड्यूलही वेगळ्या घाण्यातले असले तर रंगात फरक पडतो. वर उदाहरणात घेतलेल्या पडद्याला ३२० बाय १६० मिलिमीटरचे १०८ मॉड्यूल लागतात. त्याच घाण्यातले पाच-सहा जादा मॉड्यूल, दोन सप्लाय आणि एक रिसीव्हिंग कार्ड पहिल्या बिलातच घेऊन कोरड्या जागी ठेवावे. दोन वर्षांनी तोच माल शोधून मिळत नाही. याच वेळी पडद्याच्या मांडणीची फाइल आणि पासवर्ड स्वतःकडे घ्यावेत. ते विक्रेत्याकडेच राहिले तर दुसरा कारागीर कार्ड बदलूनही पडदा चालू करू शकत नाही, आणि ग्राहक त्या एकाच माणसाशी बांधला जातो.

वॉरंटी या शब्दावर विसंबू नये, ती कशाकशाची ते विचारावे. मॉड्यूलची दोन वर्षे आणि सप्लायची एकच असू शकते. उंचावरच्या फलकाला क्रेनचा खर्च कोणाचा, पाणी शिरले तर जबाबदारी कोणाची, किती तासांत माणूस येणार आणि न आल्यास काय, हे करारात हवे. याला कायदेशीर कारणही आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा 'ग्राहक' धरला जात नाही. केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला अपवाद आहे. छोट्या दुकानदाराला त्याचा आधार मिळू शकतो, रुग्णालयाला किंवा मोठ्या दालनाला सहसा नाही. त्यांच्या हाती लेखी करार हेच हत्यार असते.

वर्षातून चार-पाच दिवसच पडदा लागत असेल तर विकत घेऊच नये. उत्सव मंडळे, मंगल कार्यालये आणि संगीत सभांसाठी ५०० बाय ५०० मिलिमीटरच्या हलक्या ॲल्युमिनियम पेट्यांचे पडदे भाड्याने मिळतात, सोबत चालवणारा माणूसही येतो. भाड्याच्या करारात पिच, रिफ्रेश रेट, राखीव मॉड्यूल आणि जनरेटर कोणाचा हे लिहिले म्हणजे पुरे.

विकत घेणाऱ्याने पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत. माल पाठवण्याआधी पडदा विक्रेत्याच्या जागेवर बहात्तर तास सलग चालवून दाखवावा, ही अट आगाऊ रकमेबरोबरच घालावी, कारण कच्चे दिवे आणि सप्लाय बहुधा याच तासांत उघडे पडतात. मोठा हिस्सा बसवणी झाल्यावर द्यावा. शेवटचे दहा टक्के राखून ठेवावेत आणि ते फलकाने पहिला पूर्ण पावसाळा काढल्यावर, ऑक्टोबरात मागची दारे उघडून आत ओल नसल्याची खात्री करूनच चुकते करावेत. ही अट मान्य करायला जो विक्रेता तयार होत नाही, त्याच्याकडून फलक घेऊ नये.